वाचकांचे प्रश्न : लुसिल बॉलचा हशा कसा घडायचा?

गेल्या अंकात ‘आय लव्ह लुसी’ या टीव्ही मालिकेत लुसी झालेल्या लुसिल बॉल (१९११–१९८९) या अमेरिकन विनोदी अभिनेत्रीवर एका पानाचं टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. ‘ही बाई ऐनवेळी सुचेल ते करत असणार’ असं म्हणणारी पत्रं एका गटात आणि ‘हे नेमकं जमवलं कसं’ असं विचारणारी दुसऱ्या. पहिल्या गटाच्या शंकेचं उत्तर दुसऱ्या गटाच्या प्रश्नांतून आपोआप मिळेल, म्हणून तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती असं तुम्ही लिहिलंत. मग त्याआधीची वीस वर्षं ती काय करत होती? (नाशिक)

मिळेल ते काम. जन्म ६ ऑगस्ट १९११चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाऊनचा. वडील टेलिफोनच्या तारा टाकणारे लाइनमन होते. ती साडेतीन वर्षांची असताना ते विषमज्वराने गेले. पुढे ती जवळच्या सेलरॉन गावात आजी-आजोबांच्या घरी वाढली. पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत गेली, पण बुजरेपणामुळे तिथे टिकली नाही. मुलीवर पैसे घालवू नका, असं शाळेनेच आईला कळवलं. पुढे हॉलिवूडची मोठी तारका झालेली बेटी डेव्हिस तेव्हा त्याच शाळेत होती आणि शिक्षकांची लाडकी होती.

मग कपड्यांच्या दुकानात मॉडेल, सिगारेटच्या जाहिराती आणि १९३३मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ या चित्रपटात नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यातली एक. १९३४मध्ये ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाच्या एका लघुपटात आणि १९३८मध्ये मार्क्स बंधूंच्या ‘रूम सर्व्हिस’मध्ये ती दिसते. १९३७च्या ‘स्टेज डोअर’मध्ये काम बरं होतं, पण आरकेओ स्टुडिओने तिला मुख्यतः दुय्यम चित्रपटांतच वापरलं. उंच, देखणी, जिभेला धार असलेली. म्हणून कायम नायिकेची फटकळ मैत्रीण. चेहरा वेडावाकडा करायला ती तयार आहे, हे कुणी तिला विचारलंच नाही. त्या काळातले तिचे चित्रपट आज पाहिले की हे फार जाणवतं.

दोन ठिकाणी मात्र तिला खरं शिक्षण मिळालं. एमजीएम स्टुडिओत मूकपटांच्या काळातला विनोदी नट बस्टर कीटन तेव्हा पगारी सल्लागार होता. प्रसंगात वापरायची प्रत्येक वस्तू स्वतः हाताळून, तपासून घ्यायची सवय त्याने तिला लावली. दुसरं ठिकाण रेडिओ. १९४८पासून ‘माय फेवरिट हजबंड’ ही श्रुतिका ती समोर प्रेक्षक बसवून करत होती. सुरुवातीला ती कागदात डोकं घालून वाचायची. निर्माते जेस ओपनहायमर यांनी तिला जॅक बेनी या विनोदवीराचा रेडिओ कार्यक्रम बघायला पाठवलं. बेनी रेडिओवरही प्रेक्षकांकडे बघून थांबायचा आणि त्या थांबण्यावरच हशा यायचा. तिथून ती मोकळी झाली. ओपनहायमर आणि लेखकद्वयी मॅडेलिन प्यू व बॉब कॅरोल धाकटे हेच तिघे पुढे तिच्यासोबत टीव्हीवर आले.

तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून चित्रीकरण करण्याचा शोध तिचाच ना? त्याने असा काय फरक पडला? (पुणे)

शोध तिचा नाही. तिच्याआधीही काही कार्यक्रम अनेक फिल्म कॅमेऱ्यांनी टिपले गेले होते आणि त्या कामातले जाणकार अल सायमन यांना या मालिकेसाठी मुद्दाम बोलावलं होतं. हे सगळं समोर तीनशे प्रेक्षक बसवून, सलग नाटकासारखं आणि दर आठवड्याला करून दाखवणं हे मात्र याच मंडळींचं.

अडचण काय होती ते आधी बघा. १९५१मध्ये बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. पश्चिम किनाऱ्याला मिळे ती टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली धुरकट प्रत. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. मोठी शहरं पूर्वेकडे, त्यामुळे तिला थेट प्रक्षेपण हवं होतं. लुसिल आणि तिचा नवरा डेझी आर्नाझ हॉलिवूड सोडायला तयार नव्हते. तोडगा निघाला तो ३५ मिलिमीटर फिल्मचा. फिल्मवर चित्रित करायचं आणि दोन्ही किनाऱ्यांना सारखीच स्वच्छ प्रत द्यायची. पण एकाच कॅमेऱ्याने तुकड्यातुकड्याने चित्रीकरण केलं असतं तर प्रेक्षक कंटाळले असते आणि प्रेक्षकांशिवाय लुसिल थंड पडायची. म्हणून तीन कॅमेरे.

छायालेखनाला कार्ल फ्रॉइंड आले. ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘ड्रॅक्युला’ चित्रित केलेला, ऑस्कर मिळवलेला माणूस. मधला कॅमेरा रुंद लेन्सने सगळी खोली टिपायचा आणि बाजूचे दोन लांब लेन्सने चेहरे. तीन कोनांतून एकदम चित्रण म्हटल्यावर जमिनीवर दिवे ठेवता येत नाहीत. ते कॅमेऱ्यात येतात, शिवाय ट्रॉलीच्या वाटेत आडवे येतात. फ्रॉइंडनी बहुतेक सगळे दिवे वर टांगले, प्रकाश सर्वत्र सारखा पसरवला आणि चेहऱ्यावरच्या सावल्या भरायला प्रत्येक कॅमेऱ्यावर एक छोटा दिवा बसवला. नेपथ्याचा रंगही करड्याच्या निरनिराळ्या छटांत ठेवला, कारण एका कॅमेऱ्याला बरोबर वाटणारा झगझगीत पांढरा दुसऱ्याला फाटून दिसतो. या सपाट प्रकाशात सौंदर्य कमी आणि सोय जास्त, हे कबूल करायला हवं. पण विनोदाला तेच लागतं. ती कुठेही गेली तरी चेहरा दिसतो.

आठवड्यात कामाचे दिवस चार. वाचन, मग हालचाली, मग कॅमेऱ्यांसकट तालीम आणि शेवटच्या दिवशी रात्री आठला प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. ट्रॉली ढकलणाऱ्यांसाठी जमिनीवर खुणा केलेल्या असत. नट खुणेपासून हातभर सरकला तरी लांब लेन्सचा फोकस जातो, त्यामुळे ‘सुचेल ते’ करायला मुळात जागाच नव्हती. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे ते बदलायची वेळही प्रवेशांच्या मधेच साधावी लागते.

पुन्हा टेक घेणं शक्यतो टाळत, कारण दुसऱ्यांदा तोच विनोद बघणारा प्रेक्षक मनापासून हसत नाही. हशा लांबला की पुढचं वाक्य त्यात बुडतं. म्हणून नटांनी हशा उतरेपर्यंत थांबायचं, पण नुसतं उभं न राहता भूमिकेतच राहून थांबायचं. चित्रण झाल्यावर तिन्ही कॅमेऱ्यांची फिल्म एकाच वेळी बघता येईल असं खास संकलन यंत्र होतं. संकलन खोलीतली माणसं त्याला ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

हशा खरा होता की मागाहून टाकलेला? (ठाणे)

खरा. प्रेक्षकांच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगलेले असत. लुसिलची आई दर चित्रीकरणाला हजर असायची. मुलगी संकटात सापडणार असं दिसलं की ‘अ-ओ’ असा एक आवाज ऐकू येतो, तो बऱ्याचदा आईचा.

आमच्या हौशी नाट्यमंडळाला चॉकलेटच्या पट्ट्यासारखा एखादा प्रसंग एकांकिकेत बसवायचा आहे. तिच्या पद्धतीतून काय उचलावं? (सांगली)

सगळ्यात आधी संहितेची पद्धत उचला. तिच्या संहितेत संवादाइतकीच जागा हालचालींना असे. कोणता हात, कोणत्या क्षणी, नजर कुठे, हे सगळं मोठ्या ठळक अक्षरांत टाइप केलेलं. मराठी एकांकिकेत आपण कंसात ‘गोंधळ उडतो’ एवढंच लिहून मोकळे होतो आणि तो गोंधळ दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतो. तो लिहून काढा. मॅडेलिन प्यू तर लिहिलेली करामत आधी स्वतः करून बघायची. बाईमाणसाला ते अंगाने जमतं का, कुठे अडतं, हे कळल्यावरच तो प्रसंग लुसिलकडे जायचा.

आता चॉकलेटचा प्रसंग. सप्टेंबर १९५२मधला हा भाग. लुसी आणि शेजारीण एथेल कारखान्यात कामाला लागतात आणि सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं कागदात गुंडाळायची असतात. एकही न गुंडाळता पुढे गेलं तर नोकरी गेली, ही अट सुरुवातीलाच बजावून सांगितलेली. पट्टा आधी सावकाश चालतो आणि दोघींना काम जमतं. हे ‘जमणं’ प्रेक्षकाला दिसलं पाहिजे; इथे घाई केलीत तर पुढे काही उरत नाही. मग वेग वाढतो. उरलेली चॉकलेटं तोंडात, टोपीत, झग्याच्या गळ्यात. मुकादमीण येते, पट्टा रिकामा बघते, खूश होते आणि वेग आणखी वाढवायला सांगते. प्रसंगाचा जीव त्या हुकमात आहे. चोरी लपवण्यात यश आलं, तीच शिक्षा झाली. तो हुकूम काढलात तर नुसती धावपळ उरेल.

त्याच भागात लुसीशेजारी चॉकलेट बुडवायला बसलेली बाई नटी नव्हती. ती खरोखर ते काम करणारी कारागीर होती. तिच्या सराईत, निर्विकार हातांमुळे लुसीचा धांदरटपणा दुप्पट दिसतो. पुढे १९५६मध्ये इटलीतला द्राक्षं तुडवण्याचा प्रसंग केला तेव्हाही हौदात सोबत उतरलेली बाई खरीखुरी द्राक्षं तुडवणारी होती. तुमच्या मंडळात कुणी खरं पॅकिंगचं काम केलेलं असेल तर त्यांनाच बाजूला बसवा.

पट्टा दोन रुळांवर ताणलेल्या जाड कापडाचा करता येईल. हँडल विंगेत ठेवा आणि ते फिरवणाऱ्याला नटांइतक्याच तालमी द्या, कारण टायमिंग त्याच्या हातात आहे. कापड ढिलं पडलं की रुळावरून घसरतं. एका रुळाची खीळ मागे ओढून ताण देता येईल अशी सोय ठेवा. वेगाचे तीन टप्पे आकडे मोजून ठरवा. तोंडात कोंबायला पेढे नकोत. ते टाळूला चिकटतात आणि पुढचं वाक्य अडकतं. मऊ केकचे छोटे तुकडे बरे. तरी एका वेळी दोनच, आणि त्या वेळी नटीला हसू किंवा श्वास फुटेल असं काही समोरच्याने करायचं नाही. घास अडकण्याचा धोका असतो.

वस्तू खरी की खोटी, हा निर्णयही प्रसंगानुसार बदलत असे. मे १९५२च्या जाहिरातीच्या भागात लुसी टॉनिकची जाहिरात करता करता झिंगते. कथेत त्या टॉनिकमध्ये २३ टक्के अल्कोहोल असतं. प्रत्यक्षात बाटलीत सफरचंदाचं पेक्टिन होतं. चमच्यामागून चमचे घ्यायचे तर घशाला चालेल असंच हवं. या भागाची रचना तुम्ही वहीत उतरवून घ्या असं सांगेन. आधी ती जाहिरातीचं भाषण नीट, शुद्ध म्हणते, म्हणून मूळ मजकूर प्रेक्षकाच्या कानात बसतो. पहिला चमचा घेताना तोंड वेडंवाकडं होतं, ते लपवायची धडपड. मग दर खेपेला चव थोडी बरी लागते आणि जीभ थोडी जड होते. मूळ भाषण पाठ झालेलं नसेल तर प्रेक्षकाला त्यातली चूक कळणारच नाही. दारुड्याचा अभिनय पहिल्या वाक्यापासून सुरू करणाऱ्या आपल्याकडच्या नटांनी हे जरूर बघावं.

याच्या उलट, मार्च १९५७मधला टँगो नाचाचा भाग. झग्यात अंडी लपवलेली, नवरा नाचायला ओढतो आणि छातीला छाती भिडते. नाच घोटून बसवला होता, पण तालमीत खरी अंडी तिने मुद्दाम वापरली नाहीत. ओल्या बलकाच्या स्पर्शाने होणारा चेहरा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोरच व्हावा म्हणून. त्या क्षणाला मालिकेतला सर्वांत लांब हशा मिळाला, ६५ सेकंदांचा. प्रक्षेपणासाठी तो कापावा लागला. म्हणजे शंभर टक्के तालीम करायची आणि एकच गोष्ट हातची राखून ठेवायची. पण ती कोणती, हे आधी ठरलेलं हवं.

कृष्णधवल मालिकेतल्या बाईचे केस लाल म्हणून प्रसिद्ध कसे? आणि ते खरे होते का? (कोल्हापूर)

मूळ केस तपकिरी. मॉडेलिंगच्या दिवसांत सोनेरी केले. १९४३च्या ‘डुबॅरी वॉज अ लेडी’ या रंगीत चित्रपटासाठी एमजीएमच्या केशरचनाकाराने ते लालभडक केले आणि पुढे तोच तिचा शिक्का झाला. रंग टिकवायला ती मेंदी वापरायची. आपल्या घरांतली तीच. टीव्हीवर रंग दिसत नसला तरी मासिकांची मुखपृष्ठं रंगीत होती आणि संवादांतही केसांवरून चिमटे असत.

या लाल रंगाचा एक गंभीर धागाही आहे. समाजवादी विचारांच्या आजोबांचं मन राखायला तिने १९३६मध्ये मतदार नोंदणी करताना कम्युनिस्ट पक्षाचं नाव लावलं होतं. सप्टेंबर १९५३मध्ये ते बाहेर आलं आणि संसदीय चौकशी समितीसमोर तिची जबानी झाली. त्या कम्युनिस्टविरोधी वातावरणात एवढ्याने भल्याभल्यांची कामं गेली होती. चित्रीकरणाआधी डेझीने प्रेक्षकांना सांगितलं की लुसीचं काय लाल असेल तर ते फक्त केस, आणि तेही अस्सल नाहीत. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. प्रायोजकही पाठीशी राहिला. अर्थात देशातली पहिल्या क्रमांकाची मालिका बंद करणं कुणालाच परवडणारं नव्हतं, हेही विसरू नये.

गरोदरपण टीव्हीवर दाखवणारी ती पहिलीच का? (मडगाव)

पहिलीच असं म्हणणार नाही. त्याआधी एका छोट्या मालिकेत ते आलं होतं. पण एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर ही पहिली. वाहिनीने ‘गरोदर’ हा शब्दच वापरू दिला नाही. संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बी यांच्या नजरेखालून जात. तिघांनी काही कापलं नाही. बाळंतपण शस्त्रक्रियेने होणार असल्याने तारीख ठरलेली होती. १९ जानेवारी १९५३ला, सोमवारी, सकाळी तिला खरा मुलगा झाला आणि रात्री मालिकेतल्या लुसीलाही. तो भाग चार कोटी चाळीस लाख लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला त्याहून कमी प्रेक्षक मिळाले.

तिला विश्रांती मिळावी म्हणून मधे जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. जुना भाग म्हणजे रद्दी नव्हे, हे वाहिन्यांना त्यातून उमगलं. इथेच डेझीचा व्यवहार बघा. फिल्मचा जादा खर्च भरून काढायला नवरा-बायकोने आठवड्याला १००० डॉलर कमी घेतले होते आणि बदल्यात भागांची मालकी मागून घेतली होती. तेव्हा वाहिनीला ती मागणी निरुपद्रवी वाटली. त्याच मालकीच्या बळावर त्यांची डेझिलू कंपनी उभी राहिली आणि १९५७च्या अखेरीस तिने आरकेओचा स्टुडिओच विकत घेतला. हाच तो स्टुडिओ, जिथे लुसिल दुय्यम चित्रपट करत होती.

एथेल आणि फ्रेड या शेजाऱ्यांचं पडद्याबाहेर पटत नव्हतं म्हणतात, ते खरं? (नागपूर)

खरं. फ्रेड झालेले विल्यम फ्रॉली १८८७चे आणि एथेल झालेली व्हिव्हियन व्हॅन्स १९०९ची. बापाच्या वयाच्या माणसाची बायको व्हायचं, याचा तिला राग होता आणि तो तिने लपवला नाही. पडद्यावरची कुरबुर मात्र त्यामुळे फार खरी वाटते. व्हॅन्सला सहायक अभिनयाचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. तिच्याकडे लक्ष ठेवून एखादा भाग पुन्हा बघा. लुसीच्या अर्ध्याअधिक हशांची पायाभरणी एथेलच्या चेहऱ्यावर झालेली दिसेल.

‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका तिच्यामुळे झाली, हे कितपत खरं? (मुंबई)

बरंच खरं. १९६०मध्ये घटस्फोट झाला, १९६२मध्ये तिने डेझीचा हिस्सा विकत घेतला आणि ती डेझिलूची अध्यक्ष झाली. एवढ्या मोठ्या टीव्ही स्टुडिओच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिलीच बाई. ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला. खर्चामुळे संचालक मंडळ बिचकलं होतं, तरी तिने काम पुढे चालू ठेवलं. दुसरा नमुना भाग पसंत पडला आणि १९६६मध्ये मालिका सुरू झाली. ‘मिशन : इम्पॉसिबल’ही त्याच वर्षी त्याच स्टुडिओतून आली. कथा, पात्रं, कल्पना यांत तिचा हात नव्हता. तिने तिजोरी उघडी ठेवली. दोन्ही मालिकांचा खरा पैसा पुढे इतरांनी कमावला, कारण १९६७मध्ये तिने डेझिलू विकून टाकली होती.

उतरणीच्या काळाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. (सोलापूर)

जागेअभावी राहिलं. ‘द लुसी शो’ (१९६२–६८) उत्तम चालला आणि त्यासाठी तिला १९६७ व १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षं एमी मिळाली. मग स्वतःच्या मुलांना घेऊन ‘हिअर्स लुसी’ केली. १९७२मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात पाय मोडला, तर प्लास्टरसकट भाग लिहून घेतले. १९७४चा ‘मेम’ हा संगीतपट मात्र पडला. गाणं हा तिचा प्रांत नव्हता आणि जवळून घेतलेले चेहरे इतके धूसर ठेवले होते की समीक्षकांनी त्याचीच चेष्टा केली. १९८६च्या ‘लाइफ विथ लुसी’चे तेरा भाग तयार झाले, आठच दाखवले. पंच्याहत्तरीतल्या बाईने शिडीवरून लोंबकळावं हे लेखकांना गमतीचं वाटलं. प्रेक्षकांना तिच्या हाडांची काळजी वाटली. चूक तिच्या वयाची नव्हती. पन्नाशीतल्या विनोदांवर नवीन तारीख टाकली, ती चूक होती. त्याच्या आदल्याच वर्षी ‘स्टोन पिलो’ या टीव्हीपटात तिने रस्त्यावर राहणारी म्हातारी विनोदाशिवाय केली होती. आमच्या मते ती वाट अधिक बरी होती.

तिच्या पुतळ्यावरून वाद झाला होता म्हणे? (बेळगाव)

हो. सेलरॉनमध्ये २००९ साली बसवलेला पुतळा टॉनिकची बाटली आणि चमचा घेतलेल्या लुसीचा होता, पण चेहरा इतका भेसूर की लोक त्याला ‘भीतीदायक लुसी’ म्हणू लागले. २०१६मध्ये त्याच बागेत नवा पुतळा आला. जुना पाडला नाही; बघायला येणारे पर्यटक त्याच्याही शेजारी उभं राहून फोटो काढतात.